नवा बल्ब घेण्याआधी

प्रश्न : माझी गाडी बारा वर्षांची आहे. वडिलांच्या आजारपणामुळे हल्ली रात्री-अपरात्री गाडी काढावी लागते आणि डिपरवर रस्ता नीट दिसतच नाही. पाऊस असला तर विचारूच नका. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीत एलईडी बल्ब टाकलेत, उजेड पांढराशुभ्र पडतो. सुट्टीच्या दिवशी घरीच तसे टाकायचं मनात आहे. माझ्या गाडीला एच-४ बल्ब लागतो. कोणते घेऊ आणि काय काळजी घेऊ?

उत्तर : थोडं थांबा, बल्ब अजून घेऊ नका. गाडी नवी होती तेव्हा याच दिव्यांत तुम्हाला रस्ता दिसत होता ना? मग तो उजेड गेला कुठे, ते आधी शोधू. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी ३१ वर्षं केलं. ‘लाइट कमी पडतो’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या मी नवा बल्ब न टाकता परत पाठवल्या आहेत आणि मालक खूश होऊन गेले आहेत.

दिवसाउजेडी गाडीसमोर उकिडवे बसा आणि दिव्याच्या काचेकडे बघा. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ थर चढवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो थर पिवळा पडतो, त्याला केसासारख्या भेगा जातात. आतला बल्ब पूर्ण ताकदीने जळत असतो, पण त्याचा उजेड या पिवळ्या थरातच अडतो आणि इकडेतिकडे विखुरतो. अशा काचेमागे कितीही भारी बल्ब लावला तरी काचेवरचं धुकं तेवढं जास्त उजळेल, रस्ता नाही.

काच घरी साफ करता येते, एका दिव्याला तास-दीड तास द्या. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, कारण मातीचा एक कण राहिला तरी तो पॉलिशपेपरखाली ओरखडे पाडतो. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर चिकटवा. मग ८०० नंबरचा पाणी-पेपर भिजवून आडवा घासा. पहिल्या पाच मिनिटांत पिवळट पाणी ओघळेल, तोच तो जळका थर. घासत राहा. पिवळेपणा जाऊन दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं की थर निघाला असं समजा. या वेळी काच पार घासलेल्या दुधी काचेसारखी दिसते आणि ‘आता वाट लावली’ असं वाटून लोक घाबरतात. घाबरू नका. १५०० नंबरने उभं, २००० ने पुन्हा आडवं, शेवटी ३००० ने हलक्या हाताने घासा. दर वेळी दिशा बदलायची म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसतं. त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंड लावून मऊ कापडाने चोळा. काच उघडते, आतला रिफ्लेक्टर लख्ख दिसायला लागतो.

इथे बहुतेक जण काम थांबवतात आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने घासणाऱ्यांचंही हेच होतं. जुना थर तुम्ही काढलात, आता ते प्लॅस्टिक उघडं आहे. त्यावर अतिनील किरणांना अडवणारा क्लिअर कोट द्यायलाच हवा. वारा-धूळ नसेल अशा जागी, कोरड्या काचेवर, पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. पिवळेपणा आतल्या बाजूने असेल किंवा रिफ्लेक्टरची चंदेरी झिलई उडाली असेल, तर मात्र घासून उपयोग नाही, आख्खा दिवाच बदलावा लागतो.

काच झाली. आता वायरिंग बघू. यासाठी साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर, पुरतो. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, मग बल्बच्या होल्डरला मागून पिना टेकवून बघा. होल्डर बल्बला लावलेलाच हवा. काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि मीटर सगळं उत्तम आहे असं खोटं सांगतो. एका गाडीत मला बॅटरीवर १३.८ व्होल्ट मिळाले होते आणि होल्डरवर ११.६. सव्वादोन व्होल्ट वाटेतच गायब. हॅलोजनचं, म्हणजे तुमच्या साध्या एच-४ सारख्या तारेच्या बल्बचं, गणित कठोर आहे : व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड १० टक्क्यांनी नाही, साधारण ३० टक्क्यांनी घटतो. त्या गाडीचा उजेड निम्म्याच्या थोडाच वर उरला होता. बल्ब नवाकोरा होता, मालकाने महिन्याभरात दोनदा बदललेला.

हे व्होल्टेज कुठे जातं? जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येतो, तिथून डिपरच्या दांडीत आणि मग परत पुढे बल्बकडे जातो. वायर लांब आणि बारीक, स्विचचे पॉइंट काळे पडलेले, आणि बॉडीला जिथे अर्थची वायर आवळलेली असते तिथे गंज. आधी अर्थचा बोल्ट सोडवा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा आणि परत मोजा. अर्ध्या गाड्यांचं काम मी इथेच संपवलेलं आहे.

तरीही अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक उरला, तर रिले टाका. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेवर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून थेट जाड वायर, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थला, आणि ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारी वायर. म्हणजे जुनी वायर आता फक्त इशारा देते, ओझं नवी वायर उचलते. अप्परला एक रिले आणि डिपरला एक. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवा, कारण वायर वाटेत कुठे पत्र्याला घासली तर आग त्या फ्यूजनेच टळणार आहे. दोन सावधगिऱ्या. काही गाड्यांत दिव्याचा स्विच अर्थच्या बाजूने जोडलेला असतो, तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही. आणि नव्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटरमार्फत चालतात, तिथे वायरिंगला हातच लावू नका.

जादा वॅटचे बल्ब घेण्याचा मोह होईल, म्हणून माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. काम शिकत होतो तेव्हा मी स्वतःच्या गाडीत ६०/५५ च्या (अप्परला ६० वॅट, डिपरला ५५) जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकले. एका बल्बचा करंट पाच अँपिअरवरून आठच्या पुढे गेला, वायरिंग मात्र तीच. पहिले काही दिवस उजेड बघून मी हरखून गेलो होतो. मग एका रात्री, रिमझिम पावसात, ऐन वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. पुढचा रस्ता डोळ्यांत राहिला होता तेवढ्यावर गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. होल्डर वितळून बल्बच्या पिनांना चिकटला होता, ओढला तर पाकाला तार सुटावी तसं प्लॅस्टिक लांबत आलं. डॅशबोर्डमागचा स्विचही गेला होता. मागे माझी आई बसली होती. त्यानंतर कुणाच्याही गाडीत, कितीही आग्रह झाला तरी, मी तसे बल्ब टाकले नाहीत.

एवढं सगळं करून, चांगल्या कंपनीचे साधे ६०/५५ चे नवे हॅलोजन टाका. आठवडाभर चालवून बघा आणि मग एलईडी हवेत का ते ठरवा.

प्रश्न : मी एच-४ च्या जागी एलईडी बल्ब बसवले. मला छान दिसतं, पण समोरून येणारे सगळे मला अप्पर-डिपर मारतात. फोकस खाली केला तर जवळचंच दिसतं. बल्ब खराब आहेत का?

उत्तर : बल्ब खराब असतीलच असं नाही, उजेड चुकीच्या जागेवरून निघतोय. तुमचा जुना एच-४ बल्ब हातात घ्या आणि खिडकीसमोर धरा. आत दोन तारा दिसतील. त्यातल्या डिपरच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी आहे. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून उलटून रस्त्यावर खाली येतो. वाटीची एक कड तिरपी कापलेली असते, म्हणून रस्त्याच्या कडेकडे उजेड थोडा चढत जातो आणि समोरच्याच्या बाजूला खालीच राहतो. सगळा रिफ्लेक्टर या बारीक तारेच्या जागेनुसार आखलेला असतो, एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चित्र बिघडतं.

एलईडीत तारेच्या जागी चिप असतात. चिप जुन्या तारेच्या नेमक्या जागी नसतील, किंवा मधली पट्टी जाड असेल, तर उजेड जिथे जायला नको तिथे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला छान दिसतं ते बहुधा गाडीच्या पुढ्यातलं. जवळचा रस्ता झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं.

आज रात्री भिंतीसमोर बघा. जमीन सपाट हवी, टायरमध्ये हवा बरोबर, तुमच्या वजनाचं कुणीतरी सीटवर, आणि दिव्यांची उंची बदलणारी चकती असेल तर ती शून्यावर. भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेपने खूण करा. डिपर लावल्यावर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसायला हवी आणि ती खुणेच्या ५ सेंटीमीटर खाली हवी. हा झाला १ टक्का उतार. काही दिव्यांवर १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो, तो असेल तर तोच धरा. दिवा ७० सेंटीमीटर उंच असेल तर या उताराने उजेडाची रेघ ७० मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढं अंतर तीन सेकंदांत संपतं, म्हणून फोकस उगाच खाली करून ठेवणंही बरं नाही.

रेघ दिसते पण वाकडी आहे, असं असेल तर बल्बची कॉलर सैल करून बल्ब फिरवा. चिप डावी-उजवीकडे, घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी असाव्यात आणि वाटी खालच्या बाजूला. मात्र रेघच नाही, वरपर्यंत सगळा पसरट उजेड आहे, तर कृपा करून ते बल्ब काढा आणि हॅलोजन परत लावा. फोकसचा स्क्रू फिरवून हा दोष जात नाही. समोरून स्कूटरवर येणाऱ्याला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि वयस्क माणसाचे डोळे सावरायला त्याहून वेळ लागतो.

नियमांचंही बघा. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बसवायला पुष्कळ देशांत परवानगी नाही. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीही गाडीच्या मॉडेलनुसार तपासून. विमा कंपनी अपघातानंतर हे विचारू शकते. आणि दिव्याच्या मागच्या रबरी बुचाला एलईडी थंड ठेवणाऱ्या पंख्यासाठी भोक पाडलं असेल तर ते आधी बंद करा, तिथून दिव्यात दमट हवा शिरते.

प्रश्न : निळसर पांढरे हॅलोजन जास्त प्रखर असतात का?

उत्तर : नाही. त्या बल्बच्या काचेवर निळा लेप असतो आणि तो पिवळा-तांबडा उजेड गाळून टाकतो. जे गाळलं ते वजाच झालं. केल्विनचा आकडा फक्त रंग सांगतो, उजेड किती ते ल्युमेन सांगतात. ओल्या डांबरी रस्त्यावर मला स्वतःला साधा हॅलोजनच बरा वाटतो.

प्रश्न : मोटरसायकलला ३५/३५ चा बल्ब आहे. ६०/५५ चा बसेल का? दिसायला सारखेच आहेत.

उत्तर : दिसायला सारखे आहेत, पण बैठकीच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या कानशीने घासून बल्ब बसवणारे मी पाहिलेत. बसतो, पण गाडी तेवढा करंट तयार करत नाही. बॅटरी उतरत जाते आणि रिफ्लेक्टर प्लॅस्टिकचा असेल तर तापून त्याची झिलई जाते. ३५ चाच ठेवा आणि वर लिहिलंय तसं अर्थ, होल्डर आणि काच बघा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच स्वतः बल्ब बदलला आणि बसवताना काचेला बोट लागलं. बल्ब फेकून द्यावा लागेल का?

उत्तर : ताई, मुळीच नाही. पण दिवा लावण्याआधी तो पुसा. बल्बची काच क्वार्ट्झची असते आणि शेकडो अंश तापते. बोटाचं तेल जिथे लागलं तिथे डाग भाजला जातो आणि त्या ठिकाणी काच लवकर दगा देते. स्वच्छ कापडावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग कापडात धरूनच बसवा. बल्बच्या चकतीचे तीन कान खाचेत नीट बसले की बल्ब हलत नाही, मगच तारेची क्लिप लावा. ती क्लिप दोन्ही हातांनी धरून सोडा, एका हाताने सोडली तर उडून बॉनेटच्या पोटात पडते. काम सुरू करण्याआधी खाली एक कापड अंथरून ठेवा.