नऊ महिने शांत असलेल्या गर्भाशयाला अचानक कळा कशा सुरू होतात?

‘अचानक’ हा शब्द थोडा फसवा आहे, कारण तयारी आधीपासूनच चालू असते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायुपेशींतील आकुंचनाशी संबंधित जनुके दाबून ठेवते. उंदरांमध्ये प्रसूतीपूर्वी त्याचे रक्तातील प्रमाण घटते; माणसात मात्र ते वार पडेपर्यंत भरपूर असते, बदलतात ते त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणारी पेशींतील प्रथिने. ‘बी’ प्रकाराच्या तुलनेत ‘ए’ प्रकार वाढतो आणि संप्रेरक असूनही त्याचा धाक उरत नाही. मग कनेक्सिन 43 या प्रथिनाचे जनुक जोमाने काम करू लागते. हे प्रथिन शेजारच्या पेशींना सूक्ष्म वाहिन्यांनी जोडते, त्यांतून विद्युतसंदेश पसरतो आणि विस्कळीत आकुंचनांची एकसंध कळ होते. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे रिसेप्टरही वाढतात, म्हणूनच त्याचा परिणाम पाचव्या महिन्यापेक्षा नवव्या महिन्यात कितीतरी अधिक होतो.