झोपाळा, खडकातली डबकी आणि दिवाळीचा किल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा वन बीएचके आहे. पाच वर्षांच्या मुलीला घरात झोपाळा हवाय. मिस्त्री म्हणतो, पंख्याच्या हुकाला दोरी बांधू, काही होत नाही. सासरे म्हणतात, सिमेंटला भोकं पाडायचीच नाहीत. कोणाचं ऐकावं?
– एक आई, कांदिवली

पंख्याचा हूक विसरा. मिस्त्री कितीही छातीठोकपणे सांगत असला तरी तो हूक चार-पाच किलोंचा पंखा टांगण्यापुरता असतो, आणि शेजारूनच वायर गेलेली असते. शिवाय झोक्याचा ताण एकसारखा नसतो. झोका ६० अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना दोरीवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. दोरी पार आडवी होईपर्यंत गेला तर तिप्पट. मुलगी १८ किलोंची असेल, पण रविवारी जेवणानंतर त्यावर मामा बसणारच. म्हणून हिशोब ८० किलोंच्या माणसाचा धरा. तिप्पट म्हणजे २४० किलो. पाट तिरका झाला की जवळजवळ सगळा भार एकाच कडीवर येतो, म्हणून प्रत्येक कडी एकटीने २५० किलो पेलणारी हवी.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फ्लॅटचा स्लॅब साधारण चार-पाच इंचांचा असतो. त्यात खालून वर भोक पाडून बसवलेला फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) प्रत्येक झोक्याला बाहेर ओढला जातो. बीमचं तसं नाही. हॉल आणि पॅसेजच्या मधल्या बीमला दोन्ही बाजूंनी आडवी भोकं पाडली, तर बोल्ट उपटला जात नाही, त्यावर भार आडवा येतो. फॅब्रिकेटरकडून (लोखंडी काम करणाऱ्याकडून) ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड पट्टी बीमच्या मापाची, यू आकारात वाकवून घ्या. ती बीमला खालून मिठी मारते आणि कडी बीमच्या खाली राहते. कडी बीमच्या बाजूला बसवली तर झोका मागे जाताना दोरी बीमच्या कडेला घासते आणि काही महिन्यांत तुटते. अशा दोन पट्ट्या लागतील. त्यांच्यातलं अंतर पाटाच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे पाचेक सेंटिमीटर जास्त ठेवा.

फास्टनर एम-१२चे, प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी एकेक. भोक बीमच्या उंचीच्या मध्यावर घ्या, कारण मुख्य सळया तळाशी असतात. ड्रिल सळईला लागलं तर आवाज बदलतो आणि बिट पुढे सरकत नाही. तिथे जोर न लावता भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या. सळई कापायची नाही, ही गोष्ट मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा. प्लास्टरची जाडी धरायची नाही, काँक्रीटच्या आत किमान ७० मिमी जायला हवं. आणि भोकातली भुकटी ब्रशने व फुंकून पूर्ण काढा. फास्टनर सैल होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ही भुकटीच असते, पण घाईत तीच आत राहते.

दोरी सुती नको, मुंबईच्या दमटपणात ती आतून कुजते आणि बाहेरून छान दिसते. १२ मिमीची नायलॉन दोरी किंवा साखळी घ्या. एस आकाराचा उघडा हूक टाळा, तो ताणाने हळूहळू उघडतो. त्याऐवजी स्क्रूने बंद होणारं डी-शॅकल वापरा, स्टेनलेस स्टीलचं. साध्या लोखंडाला इथल्या हवेत एका पावसाळ्यात गंज धरतो.

आता जागेचं गणित, कारण ते कोणी करत नाही. कडीपासून पाट दोन मीटर खाली असेल, तर ३० अंशांच्या झोक्याला पुढे एक मीटर आणि त्याशिवाय पायांसाठी अर्धा मीटर लागतो. ४५ अंशांना हेच जवळपास दोन मीटर होतं. समोर टीव्ही दीड मीटरवर असेल, तर टीव्ही हलवा किंवा संथ झोक्यावर समाधान माना. तयार झाल्यावर पाटावर आधी दोन मोठी माणसं एकदम बसवा, पाच मिनिटं, आणि पट्टीच्या कडेला प्लास्टरला भेग दिसते का ते पाहा. नंतर महिन्याला एकदा नट हाताने तपासा. झोपाळा वापरात नसताना दोऱ्या वर अडकवून ठेवा, लोंबती दोरी लहान मुलांच्या मानेत अडकू शकते.

बीमवर गंजाचे तांबूस डाग असतील, पोपडे निघत असतील किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर यातलं काहीही करू नका. गच्चीखालच्या गळक्या फ्लॅटमध्ये हे हमखास दिसतं. इमारत जुनी, बीम नसलेली असेल तरीही नाही. जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड आणा. ड्रिल करण्याआधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला बीम दाखवलात, तर सासरेही निवांत होतील.

प्रश्न : मुलांना (वय ४ आणि ७) समुद्राच्या खडकांमधले प्राणी दाखवायचे आहेत. आम्ही दोनदा कार्टर रोडला गेलो, दोन्ही वेळा नुसतं पाणी. योग्य वेळ कशी कळते?
– एक बाबा, भांडुप

तुम्ही भरतीला गेला होतात, एवढंच. ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण दिनदर्शिकेवरूनही काढता येते. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. त्यापासून सहा तास पुढे-मागे पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. अमावास्या-पौर्णिमेला १५ धरायचे आणि दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्याच.

पण नुसती ओहोटी पुरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसं मागे हटत नाही आणि खालचे खडक उघडेच पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. ऐन अमावास्येला मात्र ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, थंडीत सकाळी तेव्हा उजेड नसतो आणि संध्याकाळी तो लवकर जातो. म्हणून मुलांसाठी द्वितीया-तृतीयेची सकाळ घ्या, ओहोटी साडेसात ते सव्वाआठला येते. दुपार सोयीची असेल तर त्रयोदशी-चतुर्दशी, पावणेचार ते साडेचार.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. हा नियम मोडायचा नाही. भरती सहा तास एका वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकी, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. उधाणाला मुंबईत चारेक मीटरचा फरक पडतो, म्हणजे तिसऱ्या तासात पाणी सुमारे एक मीटर वर येतं. चार वर्षांचं मूल एवढंच उंच असतं. शिवाय पाणी समोरून येताना दिसतं, पण ते आधी मागच्या सखल घळीत भरतं आणि परतीची वाट बंद करतं. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर माणसं अडकतात ती अशी. म्हणून किनारा आणि तुमच्यामध्ये घळ असेल, तर ती ओलांडून पुढे जाऊच नका. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्यातल्या एकाची नजर कायम समुद्राकडे.

पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चपला नकोत, काळ्या खडकावरचं हिरवं शेवाळ साबणासारखं असतं आणि खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. कोरड्या, खडबडीत जागेवरच पाय ठेवायचा, हे मुलांना आधी घरी सांगा.

डबक्यापाशी उभं राहून शोधाशोध करू नका. उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि दोन मिनिटं गप्प राहा. सात वर्षांच्या मुलाला हे जमतं, चार वर्षांच्याला मोजायला काहीतरी द्या. आधी शंख चालायला लागतात, म्हणजे आत बसलेले शंखखेकडे. मग खडकाच्या फटीत खेकड्याचे डोळे दिसतात, डबक्याच्या कडेला समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. दगड उचलून पाहिला तर होता तसाच ठेवा, उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात. रिकामे शंखही घरी आणू नका, ती शंखखेकड्यांची पुढची घरं आहेत.

तीन गोष्टींना हात लावायचा नाही. शंकूच्या आकाराचा, गुळगुळीत, नक्षीदार शंख : आतली गोगलगाय विषारी दंश करते. खडकावर पसरलेली हिरवी-तपकिरी बटणांसारखी बुळबुळीत चादर : तिच्यातल्या काही जातींत विष असतं, तो हात डोळ्याला लागायला नको. आणि वाळूवर पडलेला निळ्या फुग्यासारखा, लांब दोऱ्यांचा जीव : मेला तरी डंख मारतो. डंख झालाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोरे चिमट्याने काढा आणि डॉक्टरांकडे जा.

किनाऱ्याला नाले मिळतात, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस जाऊ नका आणि हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊचा डबा उघडू नका.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलासोबत कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाता येईल का?
– एक वाचक, बोरिवली

नको. राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य गेटपासून लेणी सहा किलोमीटरच्या आसपास आहेत आणि शेवटी चढ आहे. बसने वर जा, पायांतली ताकद पायऱ्यांसाठी राखा. सोमवारी उद्यान बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि दगडात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या (टाक्या), एवढं पाहून झालं की परत फिरा, शंभरच्या वर लेणी आहेत आणि ती एका सकाळीत संपवायची नाहीत. पोढ्यांपाशी मुलाचा हात सोडू नका. खाऊ बंद सॅकमध्ये ठेवा, हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं येतात.

प्रश्न : बिल्डिंगची मुलं दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात. तो दरवर्षी खचतो आणि हिरवळ उगवत नाही. काय चुकतं?
– सोसायटीतल्या एक काकू, मुलुंड

खचतो तो बहुतेक आत पुठ्ठ्याची खोकी असल्यामुळे. माती ओली, खोकं भिजलं, बुरूज बसला. आत विटा आणि पालथ्या बादल्या ठेवा, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पांघरा आणि मग लाल मातीचा चार सेंटिमीटरचा थर द्या. चार बाय तीन फुटांच्या किल्ल्याला नर्सरीतल्या २० किलोंच्या चार-पाच पिशव्या पुरतात. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे सोसायटीची बैठक वाचेल.

हिरवळीसाठी अळीव सर्वांत लवकर येतो, दोन-तीन दिवसांत मोड दिसतो. ५० ग्रॅम पुरे. उगवत नाही त्याचं कारण बहुधा पाणी : तांब्याने ओतलं की बी उतारावरून पायथ्याशी येतं, आणि मग पायथ्याला जंगल, वर टक्कल. अळीव आधी भिजवून पेरू नका, त्याचा चिकट गोळा होतो. पण हाच चिकटपणा उतारावर कामाला येतो. माती फवाऱ्याने ओली करा, कोरडं बी भुरभुरा, तळहाताने दाबा आणि पुन्हा हलकं फवारा. बी जागेवर चिकटून बसतं. मोहरी वापरायची तर ती मात्र रात्रभर भिजवा. पेरणी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी, त्याहून लवकर केली तर दिवाळीत ती लांबून आडवी पडते. कबुतरं बी टिपतात, पहिले दोन दिवस वरून जाळी टाका. परतीच्या पावसासाठी बांबूवर एक ताडपत्री तयार ठेवा.

कोणता किल्ला करायचा यावर भांडण होतं, ते होऊ द्या. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यातूनच मुलांना निवडू द्या. आमची शिफारस राजगडाची. मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, त्यामुळे तीन गट भांडण न करता एकेक माची घेतात आणि बघणाऱ्याला किल्ला लगेच ओळखू येतो. सिंधुदुर्ग किंवा खांदेरी निवडला तर समुद्रासाठी परात पुरते, पण तिच्यातलं पाणी रोज ओतून टाका, डास होतात. तटबंदीला गेरू लावा. पणत्या गोणपाटावर थेट ठेवू नका, प्रत्येकीखाली फरशीचा तुकडा ठेवा. हे काम मोठ्या मुलांवर सोपवा, मावळे मांडायचं काम सगळ्यात धाकट्यांकडे.