फाइलमधला शेरा व्ह्यूमध्ये का दिसत नाही?

प्रश्न : पुण्यातील एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागाचे काम मी पाहतो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस-क्यूएल १६ वर चालतो. कोणत्या शाखेतून कोणाला प्रवेश द्यायचा याचे नियम पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमध्ये आहेत, आणि प्रत्येक नियम कोणाच्या सांगण्यावरून घातला व तो कधी काढायचा हे आम्ही तिथेच '#' लिहून मराठीत नोंदवत आलो आहोत. लेखापरीक्षकांनी यादी मागितली की मी पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू (डेटाबेसमधून तक्त्यासारखी मिळणारी तयार यादी) काढून देतो. पण त्यात आमचे शेरे येत नाहीत आणि त्यांना नेमके तेच हवे असतात. हे शेरे एखाद्या सिस्टिम व्ह्यूमध्ये आणता येतील का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तयार सोय नाही. सेटिंगच्या फाइलमधील नोंदी दाखवणारा पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू ९.५ आवृत्तीत (२०१६) आला, आपण वापरता तो १० मध्ये (२०१७) आणि बाहेरची वापरकर्ता-नावे डेटाबेसमधल्या नावांशी जोडणाऱ्या नोंदींचा पीजी_आयडेंट_फाइल_मॅपिंग्ज १५ मध्ये (२०२२). तिन्ही व्ह्यू फाइलमधील नोंदी ओळ क्रमांकासह दाखवतात, परंतु कमेंटसाठी, म्हणजे '#' पुढच्या शेऱ्यासाठी, रकाना एकातही नाही. फाइल वाचणारा भाग '#' दिसताच ओळीचा उरलेला मजकूर टाकून देतो, त्यामुळे व्ह्यूच्या ओळी तयार होईपर्यंत शेरा शिल्लकच राहिलेला नसतो.

तो टाकून न देता जपायचे ठरवले, तरी काम भागत नाही. कोणता शेरा कोणत्या नियमाचा, हे फाइलच्या नियमावलीत कुठेच ठरलेले नाही, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. आपल्या फाइलमध्ये 'हडपसर शाखा, नवी लाइन येईपर्यंत' असा शेरा आणि त्याखाली लागोपाठ तीन नियम असतील, तर तो शेरा पहिल्या नियमाचा की तिन्हींचा? आपल्याला ते ठाऊक आहे, सर्व्हरला नाही. शिवाय कोणी एके काळी कुठूनही, पासवर्डाशिवाय प्रवेश देणारा नियम पुढे '#' लावून बंद केला असेल, तर तो बंद नियमही सर्व्हरच्या लेखी कमेंटच ठरतो. 'नियमाच्या वरची कमेंट म्हणजे त्याचे कारण' असे सूत्र धरून व्ह्यू बनवला, तर हा बंद नियम खालच्या निरुपद्रवी नियमाचे कारण म्हणून लेखापरीक्षकांपुढे जाईल आणि मग खुलासे देत बसावे लागेल.

पोस्टग्रेसबरोबर येणारी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही सेटिंगची मुख्य फाइल उघडून पाहिली तरी हे लक्षात येते. तिथे शेअर्ड_बफर्स या मेमरीच्या सेटिंगच्या ओळीच्या शेवटी किमान मूल्य सांगणारी कमेंट आहे आणि 'बदलल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागेल' हा तिचा उरलेला भाग पुढच्या ओळीवर, बरेच टॅब सोडून लिहिलेला आहे. वाचणाऱ्या माणसाला त्या मोकळ्या जागेवरून संबंध कळतो. पण वरचे सूत्र लावले, तर तीच सूचना खालच्या भलत्याच सेटिंगला चिकटते.

त्यामुळे शेरा सुटा काढून दाखवण्याच्या फंदात न पडता, नियमाशेजारी फाइलमधली मूळ ओळ जशीच्या तशी दाखवावी, असे मी सुचवेन. त्यासाठी लागणारी साधने आपल्या आवृत्तीत आहेत. व्ह्यूमध्ये फाइल_नेम आणि लाइन_नंबर हे रकाने मिळतात. पीजी_रीड_फाइल या फंक्शनने ती फाइल वाचावी, १४ व्या आवृत्तीपासून असलेल्या स्ट्रिंग_टू_टेबलने तिच्या ओळी कराव्यात, 'विथ ऑर्डिनॅलिटी' लावून त्यांना क्रमांक द्यावेत आणि हा क्रमांक लाइन_नंबरशी जोडावा. मात्र शेरा नियमाच्या वर न लिहिता त्याच ओळीच्या शेवटी लिहिण्याची शिस्त विभागाला लावावी लागेल, एरवी या जोडणीचा उपयोग नाही. मूळ ओळ अख्खी दाखवण्यामागे आणखी एक कारण आहे. अवतरणचिन्हांत आलेला '#' कमेंट सुरू करत नाही, त्यामुळे '#' पाहून ओळ तोडणारी घाईची क्वेरी कधी तरी चुकणारच.

लांबलेला नियम ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देऊन पुढच्या ओळीवर नेण्याची सोयही १४ व्या आवृत्तीपासून आहे. अशा नियमासाठी व्ह्यू पहिल्या ओळीचा क्रमांक देतो, तर शेरा असतो शेवटच्या ओळीवर. म्हणून तो जोडणीत येत नाही. शिवाय ही तिरकी रेघ कमेंटमध्येही तेवढीच लागू होते. शेऱ्याच्या शेवटी ती चुकून पडली, तर खालचा नियम त्या कमेंटमध्येच गिळला जातो आणि कसलीही चूक दाखवली जात नाही.

शेरे मराठीत असल्याने एन्कोडिंगकडेही, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीकडेही, लक्ष द्यावे. पीजी_रीड_फाइल फाइलमधला मजकूर डेटाबेसच्या एन्कोडिंगमध्ये बसतो का ते तपासते आणि न बसल्यास एरर देते. फाइल व डेटाबेस दोन्ही यूटीएफ-८ मध्ये असतील तर चिंता नाही.

अधिकारांची बाब सर्वांत नाजूक. हा व्ह्यू आणि पीजी_रीड_फाइल दोन्ही मुळात फक्त सुपरयूजरसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, खुली आहेत. सुपरयूजरच्या नावाने स्वतःचा व्ह्यू करून त्यावर लेखापरीक्षकांना सिलेक्टचा अधिकार दिला की झाले, असे वाटते. तसे होत नाही, कारण व्ह्यूमधल्या फंक्शनचा अधिकार व्ह्यूच्या मालकाचा नव्हे, तर क्वेरी चालवणाऱ्याचा तपासला जातो. त्याऐवजी 'सिक्युरिटी डिफायनर' प्रकारचे, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणारे, फंक्शन लिहावे, त्यात सर्च_पाथ (नावे कुठे शोधायची तो क्रम) पक्का बांधावा, पब्लिकला, म्हणजे सर्वच वापरकर्त्यांना, आपोआप मिळणारा ते चालवण्याचा अधिकार काढून घ्यावा आणि तो फक्त लेखापरीक्षकांच्या रोलला द्यावा. फाइलचे नाव बाहेरून घेणारे फंक्शन चुकूनही लिहू नये. तसे केल्यास सर्व्हरवरची कोणतीही फाइल वाचण्याची किल्लीच आपण त्यांच्या हाती देतो.

यादी देताना एक गोष्ट लेखापरीक्षकांना स्पष्ट सांगावी. हा व्ह्यू फाइलची या क्षणीची स्थिती दाखवतो, सर्व्हरने शेवटी लोड केलेली नव्हे. फाइल बदलून रिलोड करायचे राहिले असेल, तर यादीत नवा नियम दिसेल आणि प्रवेश मात्र जुन्याच नियमाने मिळत राहील.

प्रश्न : वर्क_मेम हे मेमरीचे सेटिंग वाढवण्याचे कारण मी अल्टर सिस्टिम या सेटिंग बदलण्याच्या आज्ञेने तयार होणाऱ्या फाइलमध्ये लिहिले होते, ते नाहीसे झाले. अशी कारणे लिहावीत तरी कुठे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ ही फाइल अल्टर सिस्टिमच्या प्रत्येक आज्ञेनंतर नव्याने लिहिली जाते आणि त्यात आपल्या कमेंट टिकत नाहीत. ती हाताने बदलू नये, असा इशारा तिच्या माथ्यावरच असतो. कमेंट ऑन ही आज्ञा टेबल, रोल किंवा डेटाबेससाठी चालते, सेटिंगसाठी नाही. आणि पीजी_सेटिंग्ज या चालू सेटिंग्जच्या व्ह्यूमधला शॉर्ट_डेस्क हा रकाना म्हणजे पोस्टग्रेसकर्त्यांचे वर्णन आहे, तुमचे कारण नव्हे.

मी एक पळवाट वापरतो. मधे टिंब असलेले नाव पोस्टग्रेस सानुकूल सेटिंग म्हणून स्वीकारते. तेव्हा मुख्य फाइलमध्ये वर्क_मेमच्या खालच्या ओळीवर 'नोंद.वर्क_मेम' असे नाव, अर्थात इंग्रजी अक्षरांत, देऊन त्याचे मूल्य म्हणून अवतरणचिन्हांत कारण लिहावे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो, तशी कारणाला मग स्वतःची हक्काची जागा मिळते. ही नोंद पीजी_सेटिंग्जमध्ये दिसत नाही, परंतु पीजी_फाइल_सेटिंग्जमध्ये नाव, मूल्य, फाइल आणि ओळ क्रमांकासह येते. ती वाचावी मात्र याच व्ह्यूमधून, कारण कोणीही आपल्या सेशनपुरते ते मूल्य बदलू शकतो. तसेच शो या आज्ञेने ते कोणालाही वाचता येते, त्यामुळे पासवर्ड किंवा अंतर्गत पत्ते त्यात लिहू नयेत.