आळशी बाईची वही

“मॅडम, मी मुळातच आळशी. माझ्याच्यानं व्यायाम होणं नाही,” असं म्हणत त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढून माझ्यापुढे सरकवली. आत व्यायामाचे आजवरचे प्रयत्न : तीनदा जिम, एकदा झुंबा. तारखा घालून, रकाने आखून रोजच्या बरोबरच्या खुणा. दहा-बारा खुणा झाल्या की पुढची पानं कोरी. एका पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘लाज वाटू दे.’

इतकी नेटकी वही ठेवणारी बाई आळशी? मला पटेना.

व्यायामाचा विषय बाजूला ठेवून मी त्यांचा दिवस विचारला. ग्राहकसेवेतली नोकरी. आठ तास कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि तिथून थेट झुंबा. दणदणीत गाणी, भिंतभर आरसा, वर नाव घेऊन ओरडणारा ट्रेनर. “घाम यायच्या आधी रडूच यायचं,” त्या म्हणाल्या.

“अंग हलवताना कधी छान वाटलंय?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “कॉलेजात असताना एकटी पोहायचे. पाण्यात डोकं घातलं की सगळे आवाज बंद.”

पूर्वी मीही सगळ्यांना सरसकट ‘मैत्रीण सोबत घ्या, नियम मोडणार नाही’ असं सांगायचे. यांना ते सांगितलं असतं तर वहीत आणखी एक कोरं पान वाढलं असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम सांगते. तो झुंबाच हवा, असं कुठे म्हटलंय? आम्ही ठरवलं ते असं : दोन दिवस पोहणं, एरवी फोन घरी ठेवून चालणं. वेग एवढा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. ताकदीचे व्यायाम खोलीचं दार लावून. वही बंद.

त्यांच्या उत्साहानं यजमानही चालायला लागले आणि पाचव्या दिवशी कंटाळले. त्यांना गप्पा हव्यात, हारजीत हवी. ते आता बॅडमिंटनला जातात. चौघांचा खेळ, एक जण नाही आला की बाकीचे फोन करून छळतात.

तीन महिन्यांनी बाई आल्या. मध्ये आठवडाभर ताप होता, सगळं बंद पडलं होतं म्हणाल्या. मी जरा धास्तावूनच विचारलं, “मग?”

“मग काय? बरं वाटलं, बुधवारी गेले पोहायला.”