टॉवरवरची वाढीव मजुरी आणि घराचा हप्ता

आपण यवतमाळ जिल्ह्यातले, वय वर्षे ३०, आयटीआय झालेले, घरी पत्नी आणि लहान मुलगी. २२० केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिन्यांच्या देखभालीवर एजन्सीमार्फत कंत्राटी काम करता. ढोबळ वेतन १९,००० रुपये असून त्यातून पीएफ आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी) कापले जाते. आता कच्छमध्ये खावड्याच्या बाजूला नव्या ७६५ केव्ही वाहिनीच्या तारा ओढण्याच्या कामावर एक कंत्राटदार आपल्याला ४२,००० रुपये रोख द्यायला तयार आहे आणि त्या भरवशावर घर बांधण्यासाठी १५ लाखांचे कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी या कर्जाचा हप्ता सुमारे १९,००० रुपये येतो, म्हणजे आज आपले जे संपूर्ण वेतन आहे तेवढा.

आधी मजुरीचा हिशेब पाहू. स्ट्रिंगिंगचे, म्हणजे तारा ओढण्याचे काम बारा महिने चालत नाही. त्या भागातली खारी जमीन पावसात दलदल होते, विंच आणि रोप नेणे अशक्य होते आणि रोखीने काम करणाऱ्या गँगला रिकाम्या दिवसांचे कोणी काही देत नाही. वर्षातले नऊ महिने धरले तर हाती ३,७८,००० रुपये येतात. सध्याच्या नोकरीत बारा महिन्यांचे वेतन आणि मालकाचा पीएफमधील हिस्सा मिळून अडीच लाखांच्या आसपास रक्कम होते. म्हणजे दरमहा तेवीस हजार वाटणारा फरक वर्षाकाठी सव्वा लाखाच्या थोडा वर भरतो, आणि तोही सगळा आपला नाही.

याचे कारण ईएसआयसी आहे, आणि पत्रात आपण त्याचा एका ओळीतच उल्लेख केला आहे. दवाखान्यातल्या रांगेमुळे अनेकांना ही कपात नकोशी वाटते, परंतु आपल्यासारख्या कामात तिच्याइतके स्वस्त आणि भक्कम संरक्षण बाजारात मिळत नाही. कामावर असताना अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला सरासरी वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत दरमहा सुमारे १७,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. त्यातले तीन पंचमांश पत्नीला आणि दोन पंचमांश मुलीला. पडून पाय मोडला आणि सहा महिने घरी बसावे लागले, तरी तोच ९० टक्क्यांचा दर लागू होतो. मात्र या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. ४२,००० वर रुजू झालेला कामगार तिच्या बाहेर राहतो.

त्यानंतर उरते ती कायद्याची भरपाई. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेले सूत्र असे आहे की मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पण या हिशेबासाठी वेतन कितीही असले तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे ते १५,००० पर्यंतच धरले जाते. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे, म्हणून रक्कम १५,५९,८५० रुपये होते. ती साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला साडेआठ हजारांच्या आत व्याज येईल. तात्पुरत्या अपंगत्वात याच सूत्राने महिन्याला साडेसात हजार मिळतात. मजुरी दुपटीहून अधिक झाली आणि घरच्यांचे संरक्षण निम्म्यावर आले, असा हा व्यवहार आहे.

धोक्याविषयी आपल्याला मी काही सांगावे असे नाही. सत्तर मीटर आणि त्याहून उंच टॉवरच्या क्रॉस आर्मवर (तारा पेलणाऱ्या आडव्या भुजेवर) सुरक्षा पट्ट्याच्या दोन हुकांपैकी एक तरी अडकलेला ठेवून सरकणे आपण जाणता. मात्र देखभालीच्या कामात परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन, लाईन बंद करून आणि अर्थिंग लावून वर जाण्याची जी सवय असते, ती घाईच्या प्रकल्पावर टिकेलच असे नाही. शेजारून चालू वाहिनी जात असेल तर नव्या, अजून चार्ज न केलेल्या तारेतही प्रेरणाने (इंडक्शनने) जीव घेण्याइतका विद्युत दाब येतो, आणि दिवसाला किती किलोमीटर तार ओढली यावर ज्या मुकादमाचे पैसे ठरतात तो अर्थिंगसाठी थांबेलच याची खात्री आपण कागदावर मागू शकत नाही.

कागदावर जे मागता येते ते मागा. आपण पाठवलेल्या नेमणुकीच्या पत्रात पद ‘हेल्पर’ लिहिले आहे आणि कामाचे वर्णन कुठेच नाही. अपघातानंतर वाद उभा राहतो तो नेमका इथे. पद ‘लाईन फिटर’ किंवा ‘स्ट्रिंगिंग कामगार’ असे लिहून घ्या, कंत्राट देणाऱ्या मूळ कंपनीचे नाव त्यात लिहून घ्या (कंत्राटदाराने भरपाई दिली नाही तर कायद्याने ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते) आणि कंत्राटदाराच्या कामगार भरपाई विमा पॉलिसीची प्रत मागा. यातले काहीच द्यायला तो तयार नसेल तर पन्नास हजारांनाही जाऊ नका.

विम्याचे अर्ज सध्याच्या नोकरीत असतानाच करा, पण येणारे काम त्यात स्पष्ट लिहा. वैयक्तिक अपघात विम्यात उच्चदाबाच्या विद्युत कामाला सर्वाधिक जोखमीच्या गटात धरतात. हप्ता जास्त पडतो आणि काही कंपन्या नकारही देतात. म्हणून एजंट ‘फक्त इलेक्ट्रिशियन लिहा’ असे सुचवेल. ते ऐकू नका. माहिती दडवली म्हणून जीवन विम्याचा दावा नाकारण्याचा अधिकार कंपनीला पहिली तीन वर्षे असतो, आणि आपण टॉवरवर असणार तीच तीन वर्षे. ६० ते ७५ लाखांचा टर्म विमा, आठवड्याला भरपाई देणारा अपघात विमा आणि तिघांचा आरोग्य विमा यांसाठी वर्षाला ४० हजारांच्या आसपास धरून चाला. नेमका आकडा कंपनी काम पाहूनच देईल. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना नसतील तर या आठवड्यात बँकेत सुरू करा. प्रत्येकीचे संरक्षण दोन लाखांचे आहे.

हे वजा जाता वाढीव कमाई महिन्याला सात हजारांच्या थोडी वर उरते. एवढ्यासाठी जावे का? अटी पूर्ण झाल्या तर दोन-तीन वर्षांसाठी जावे असे माझे मत आहे, कारण ७६५ केव्हीचा अनुभव पुढे पर्यवेक्षकाच्या कामात उपयोगी पडेल. परंतु कर्ज दहा वर्षांचे आहे आणि चाळिशीपर्यंत वर चढत राहण्याचा करार आपले खांदे व गुडघे करून देणार नाहीत. म्हणून कर्ज पाच लाखांपुरतेच घ्या. हप्ता सुमारे ६,३०० रुपये येईल आणि खाली उतरून पुन्हा १९,००० वर आलात तरी ओढाताण करून का होईना, पण तो भरता येईल. त्यात दोन खोल्या बांधा, वरचा मजला साठलेल्या पैशातून पुढे.

जुन्या नोकरीतला पीएफ मात्र घराच्या पायासाठी काढू नका. नव्या कंत्राटदाराकडे पीएफ असेल तर त्याच यूएएन (पीएफचा कायमचा खाते) क्रमांकावर खाते पुढे चालू ठेवा. खात्याला जोडलेले सात लाखांपर्यंतचे ईडीएलआय (पीएफ सदस्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे) विमा संरक्षण नोकरीत असेपर्यंतच लागू असते, म्हणून पीएफ कापण्याची अट मजुरीच्या आकड्याआधी बोलून घ्या, मग त्यासाठी दोन हजार कमी घ्यावे लागले तरी चालेल.