एखाद्या खगोलशास्त्रज्ञाचे सहाशे पेपर आणि शंभरचा एच-इंडेक्स: यावरून नेमकं काय कळतं?

तारे आणि ग्रहांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांच्या परिचयात ‘६०० हून अधिक शोधनिबंध, एच-इंडेक्स १००’ असं वाचून तुम्ही विचारलंय, की हा माणूस खरंच तेवढा मोठा आहे का. मी ताऱ्यांच्या वर्णपटांवर काम करतो, त्यामुळे असे आकडे सतत नजरेखालून जातात. माणूस कामसू आहे आणि चांगल्या गटांत वावरतो, एवढं यातून नक्की कळतं. त्यापुढचं कळायला पेपर उघडावे लागतात.

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. १०० म्हणजे किमान १०० पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा संदर्भ इतर पेपरांत किमान १०० वेळा आलाय. हा आकडा कधी उतरत नाही, आणि पेपरवर दोन नावं आहेत की चारशे, हे त्याला कळत नाही. ताऱ्यांची स्थानं मोजण्यासाठी पाठवलेल्या गाइआ उपग्रहाच्या मुख्य पेपरांवर शेकडो नावं आहेत. सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरात आलेला असा संदर्भ, सगळ्यांच्या खात्यावर सारखंच जमा होतं. मला यात गैर वाटत नाही, कारण वर्षानुवर्षं उपकरण घडवणाऱ्याला श्रेय द्यायची दुसरी सोय आपल्याकडे फारशी नाही. पण मग अशा आकड्यांवरून दोन माणसांची तुलना करू नये.

मिशेल मायर यांचं उदाहरण घ्या. सगळे त्यांना ग्रहांमुळे ओळखतात: १९९५ साली डिडिए केलोझ यांच्यासोबत त्यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती साधारण ४.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह शोधला आणि २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांना मिळाला. आमच्या क्षेत्रात मात्र त्यांचा १९९१ चा पेपरही तितकाच पाठ असतो. दुकेनॉय आणि मायर यांनी सूर्यासारख्या १६४ ताऱ्यांपैकी किती एकटे आणि किती जोडीने आहेत, याचा हिशोब मांडला होता. जुळ्या ताऱ्यांवर लिहिणारा जो तो त्याचा संदर्भ द्यायचा. २०१० मध्ये ४५४ ताऱ्यांचा नवा अभ्यास आल्यावर तो मान विभागला गेला. मायर यांच्या १९९१ आणि १९९५ च्या दोन्ही पेपरांवर दोनच नावं. आणि ताऱ्यांचा वेग मोजायची जी हातोटी जुळ्या ताऱ्यांसाठी घोटली गेली, तिच्याच जोरावर पुढे ग्रह सापडला, कारण ग्रहाच्या ओढीनेही ताऱ्याचा वेग किंचित बदलत राहतो. हा धागा कुठल्याही इंडेक्समध्ये दिसत नाही.

आता याच्या उलट बाजू. ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ साली छोट्याशा टिपणात लिहिलं होतं, की गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असू शकतो आणि ताऱ्याचा वेग काटेकोर मोजला तर तो पकडता येईल. म्हणजे जवळजवळ ५१ पेगासीचीच पाककृती. स्ट्रुव्ह कुणी नवखे नव्हते, यर्क्स वेधशाळेचे संचालक राहिलेले. तरी पुढची चाळीसेक वर्षं त्या टिपणाकडे कुणी फारसं वळलं नाही. १९८० साली त्याची सायटेशन मोजून कुणी त्याची किंमत ठरवली असती, तर काय उत्तर आलं असतं?

काही सायटेशन मात्र शोधाची नसतात, अवजाराची असतात. ताऱ्यांची उत्क्रांती गणकावर चालवणारी ‘मेसा’ ही प्रणाली वापरली, की तिचे पेपर संदर्भात द्यायचेच. तिचे मुख्य कर्ते बिल पॅक्स्टन मूळचे संगणकशास्त्रज्ञ. ती सायटेशन खोटी नाहीत, फक्त त्यांचा अर्थ वेगळा.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर नासाची एडीएस ही फुकट शोधयंत्रणा उघडा. लेखकाच्या नावाआधी ^ हे चिन्ह टाकलं, की तो पहिला लेखक असलेलेच पेपर दिसतात. आमच्याकडे पहिलं नाव बहुधा मुख्य काम करणाऱ्याचं असतं. पण एवढ्यावरही निकाल देऊ नका. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या (सेकंदात शेकडो वेळा स्वतःभोवती फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या) १९८२ च्या पेपरवर दुसरे लेखक आहेत, आणि १९९५ साली जाहीर झालेल्या ग्लिझ २२९ बी या तपकिरी बटूच्या (ग्रहाहून मोठ्या, पण ताऱ्याहून लहान पिंडाच्या) पेपरवर तिसरे. ^ ची गाळणी लावली तर हे दोन्ही पेपर गळून जातात. शिवाय कुलकर्णी, जोशी, पाटील अशा आडनावांत एकाच आद्याक्षराची चार माणसं एका यादीत येतात, तेव्हा संस्था आणि वर्षं ताडून बघा.

मग त्या प्राध्यापकांचे सर्वाधिक सायटेशन असलेले तीन-चार पेपर उघडा. त्यावर किती नावं आहेत, यांचं कितवं आहे, आणि संदर्भ देणारे त्या निष्कर्षावर पुढचं काम करतायत की ‘याआधी यांनीही पाहिलंय’ म्हणून कंसात नाव टाकून मोकळे होतायत, हे बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या पेपरांची नावं कळवलीत तर मीही बघून सांगेन.