फाइल सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर यांत फरक काय? ऑफिसात एकच मशीन दोन्ही कामांना चालेल का?

व्याख्या तुम्ही वाचलीच असेल, त्यामुळे थेट एका पतसंस्थेतला ३१ मार्च सांगतो.

सगळा कारभार व्हिज्युअल फॉक्सप्रोवर (मायक्रोसॉफ्टचा जुना डेटाबेस प्रोग्रॅम). मागच्या खोलीत सर्व्हर, त्यातलं एक फोल्डर आठ काउंटरांवर एफ ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं. व्यवहारांची डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची डेटा फाइल, ६०० एमबीची. व्याजाचे तक्ते काढायला बसलं की आठही मशीन गोठायची. मॅनेजरसाहेब म्हणायचे, "एवढा महागाचा सर्व्हर घेऊन ही रड?" आणि सॉफ्टवेअरवाले गृहस्थ दर वेळी एकच सांगायचे: रॅम वाढवा. दोनदा वाढवली. मी टास्क मॅनेजर उघडून दाखवला: सीपीयू ३ टक्के, नेटवर्कचा आलेख छताला टेकलेला. "तुम्ही हार्डवेअरवाले, तुम्हाला प्रोग्रॅममधलं कळत नाही," म्हणाले.

अहो, तो सर्व्हर नुसता गोदाम होता! बेरीज करायचं काउंटरवरचं मशीन. क्वेरीला (डेटाच्या मागणीला) इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, लागत नसेल तर अख्खी डीबीएफ तारेवरून ओढायची. नेटवर्क १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला फार तर १२ एमबी. एकट्याला ५० सेकंद, आठ जण एकदम ओढायला लागले की पावणेसात मिनिटं.

त्यात संध्याकाळी चार नंबरच्या काउंटरच्या यूपीएसने मान टाकली. लिहिणं अर्धवट राहिलं, सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) खराब. सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स केलं, तरी भागेना. शेवटी सीडीएक्स उडवून सगळे टॅग (त्यातले एकेक इंडेक्स) नव्याने बांधले. घरी पोचलो तेव्हा दूधवाला आला होता.

ॲप्लिकेशन सर्व्हर असता तर काउंटरने फक्त विचारलं असतं, हिशेब तिथेच झाला असता आणि परत एक ओळ आली असती. मध्येच काउंटर बंद पडलं तर अर्धा व्यवहार रोलबॅक, म्हणजे झालाच नव्हता असा रद्द. (काटेकोर बोलायचं तर डेटा सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर वेगळा, पण लहान ऑफिसात दोन्ही एकाच डब्यात असतात.)

वर्ड, एक्सेल, स्कॅन केलेले कागद यांना मात्र फाइल सर्व्हरच हवा, त्याला मी नावं ठेवत नाही. तुमचं एक मशीन चालेल, फक्त डेटाबेसच्या फाइली शेअर केलेल्या फोल्डरात ठेवू नका.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट थांबवला, तेव्हा त्याच गृहस्थांनी फोन करून एसक्यूएलवर (डेटाबेस सर्व्हरवर) कसं जायचं ते मला विचारलं. मी सांगितलं. रॅमच्या दोन बिलांचा विषय तेव्हा राहून गेला, म्हणून इथे काढला.